ससाणा आणि जिन्याखालच्या चपला

लखनौला जाऊन आले म्हटलं की लोक आधी कबाब विचारतात, मग चिकनकारीचे कुर्ते. मी तिथे एका जर्मन वैमानिकाच्या भानगडीत अडकले होते असं सांगितलं, की समोरचा माणूस माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि विषय बदलतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी नागपूरची. शाळेत इतिहास शिकवला, आणि बोर्डाच्या परीक्षांत बरीच वर्षं भरारी पथकात होते. कॉपी पकडायची. मोज्यातल्या चिठ्ठ्या, पट्टीच्या मागे कोरलेल्या सनावळ्या, खिडकीबाहेरून येणारा मामाचा आवाज, सगळं पाहून झालंय. तेव्हा संशय ही माझी नोकरी होती. नोकरी सुटली, संशय राहिला. त्यामुळे माझ्या मावसभावाचा, सुधाकरदादाचा, फोन आला आणि तो फारच गोड बोलला, तेव्हाच माझे कान टवकारले.

"शोभा, दिवाळीत ये ना यार लखनौला. आई आठवण काढते तुझी."

मावशी नव्वदी ओलांडलेली. ती आठवण काढत असेलही, पण दादा ती कळवणाऱ्यातला नव्हे. तरी गेले.

जानकीपुरम

दादा हवाई दलात रडारवर होता. निवृत्त झाल्यावर लखनौलाच राहिला. जानकीपुरममध्ये त्याचं दुमजली घर आहे. खाली तो आणि मावशी, वर त्याची नात नेहा, जी इथे कॉलेजात शिकते. "जय भीम" झालं, पाणी झालं, आणि नेहाने विचारलं, "आजी, आप चाय लोगे या कॉफी?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी मराठीत चहा मागितला, तिने हिंदीत आणून दिला. आमचं चांगलं जमलं.

दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, ती ओळखीची. तिच्या समोरच्या भिंतीवर मात्र एका गोऱ्या, हसऱ्या, टोपी तिरपी घातलेल्या तरुणाचा फोटो होता, जाड फ्रेममध्ये. छातीवर पदक.

"हा कोण?" मी विचारलं.

"ससाणा," दादा म्हणाला. बारशाला नाव सांगावं तसं म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटावर उडणारा हा जर्मन वैमानिक. त्याच्याच लोकांनी त्याला ससाणा म्हटलं. त्याने शत्रूची किती विमानं पाडली, एका दुपारी किती पाडली, कोणकोणती पदकं मिळाली, हे दादाला तोंडपाठ. आणि तो म्हणे सभ्य योद्धा होता. जमिनीवर पडलेल्यावर कधी गोळी झाडली नाही. दादा बारा वर्षं त्याचं मराठी चरित्र लिहीत होता आणि आता ते छापायला जायचं होतं. त्याला प्रस्तावना हवी होती, इतिहासाच्या शिक्षिकेची. रविवारी मानक नगरला, रेल्वेच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये, इथल्या मराठी मंडळींनी पुस्तकाच्या निमित्ताने कार्यक्रम ठेवला होता. तिथे मावशीचा सत्कार व्हायचा होता.

"मावशीचा काहून?" माझं नागपुरी बाहेर पडलं.

"अरे, बाबांना ससाण्यानेच तर सोडलं," दादा म्हणाला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्या वाळवंटात ब्रिटिशांच्या फौजेत ट्रक चालवत. गोष्ट अशी, की विमानाने ट्रक टिपला, मग विमान वळून परत आलं, खालून हात हलवला गेला, वैमानिकाने पंख डोलवून सलाम केला आणि तो निघून गेला. काका वाचले. म्हणून दादा जन्मला, म्हणून दादा हवाई दलात गेला, म्हणून हे पुस्तक. मावशीने त्या उपकाराची शाल खांद्यावर घ्यायची होती. मावशी समोरच बसून लसूण सोलत होती.

मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली, माणसांची जन्मावरून प्रतवारी लावणाऱ्या एका राजवटीने ज्याला पदक दिलं, त्याला आपल्या घरात बुद्धासमोर का टांगायचं? आपण तर त्याच प्रतवारीच्या तळाशी राहिलेली माणसं. मी हे बोलून दाखवलं. दादा म्हणाला, "तो सैनिक होता, सियासत नहीं करता था." हे वाक्य त्याचं नव्हतं, कुठल्या तरी पुस्तकाचं होतं. मला वास येतो.

दुसरी गोष्ट. गावाबाहेरच्या तळावरून निघालेलं विमान घरावरून गेलं. दादा ताडकन उठून अंगणात पळाला आणि मान वर करून विमानाची जात सांगायला लागला. त्याच वेळी मावशी उठली आणि गुपचूप जिन्याखालच्या कोनाड्यात गेली. विमान गेल्यावर बाहेर आली. संध्याकाळी परत तेच. मावशीला मधुमेह आहे. मी मनातल्या मनात ठरवलं, म्हातारी जिन्याखाली गोड लपवते. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी कोनाडा तपासला. पेढा नाही, गुळाचा खडा नाही. एक जुनी उशी आणि जुन्या पुरुषी चपलांचा जोड, एवढंच.

ससाण्याची कॉपी

मी दादाची पुस्तकं मागितली. इंग्रजीतली तीन जाडजूड पुस्तकं होती, आणि दादाचं हस्तलिखित. नेहाने वर तिच्या खोलीत टेबल मोकळं करून दिलं. सकाळी दादा मक्खन मलाई घेऊन आला. थंडी पडायला लागली की इथे ती मिळते. दुधाचा नुसता फेस, त्यात केशर, तोंडात घातला की काही उरतच नाही. मी म्हटलं, एवढे पैसे देऊन हवा खातात होय. पण परत घेतली.

भरारी पथकात एक साधा नियम होता. दोघांची बरोबर उत्तरं सारखी असली तर काही बिघडत नाही, अभ्यास केला असेल. दोघांची चूक सारखी असली की दोघांनाही बाकावरून उठवायचं. तर मी चूक शोधत बसले.

ती फोटोतच सापडली. तो भिंतीवरचाच फोटो तिन्ही पुस्तकांत होता. पदक उजव्या छातीवर. पहिल्या पुस्तकात त्याखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की ससाणा पदक उजवीकडे लावायचा, सगळ्यांपेक्षा वेगळा. तिसऱ्याने त्यावर अख्खं पान खर्च केलं होतं, बंडखोर स्वभाव वगैरे. मी चष्मा पुसून पुन्हा फोटो बघितला. शर्टाची गुंडी बायकांच्या बाजूला होती. आयुष्यभर घरातल्या शर्टांच्या गुंड्या मीच लावल्यात, मला ते दिसणारच. त्याच पुस्तकांत इतर वैमानिकांचेही फोटो होते, त्यांची गुंडी सरळ आणि पदक डावीकडे. म्हणजे पहिल्या पुस्तकवाल्याने फोटो उलटा छापला, दुसऱ्याने त्या चुकीची सवय केली, तिसऱ्याने सवयीचा स्वभाव केला.

मग दादाचं हस्तलिखित उघडलं. काकांच्या प्रकरणात लिहिलं होतं: "विमान इतकं खाली आलं, की वैमानिकाच्या उजव्या छातीवरचं पदक उन्हात चमकलेलं बाबांनी पाहिलं."

मी पेन खाली ठेवला. काकांनी ते पाहणं शक्यच नव्हतं. ते काकांच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, छापखान्यात पाहिलेलं होतं. दादा खोटारडा नाही, हे मला माहीत आहे. वाचता वाचता त्याने वडिलांच्या गोष्टीत पदक लावून टाकलं, आणि आता त्याला ते आठवतसुद्धा असेल. मला राग यायला हवा होता. पण वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं म्हणजे माझा संशय आणखी वाढतो. पदक मागाहून लावलं, तर त्याच्या आधी काय काय लावलं असेल?

अमीनाबाद

दुपारी दादाने मला अमीनाबादला नेलं, सत्काराची शाल घ्यायला. ई-रिक्षातून उतरलो आणि गर्दीत शिरलो. कापड, बांगड्या, पातेली, चादरी, आणि प्रत्येक दुकानदार एवढा अदबीने बोलणारा, की मी पर्स पोटाशी धरली. आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात दुकानदार अंगावर येतो, ते बरं, निदान हेतू कळतो. इथे "आइए, तशरीफ़ रखिए, खरीदिए मत, बस देख लीजिए" म्हणतात आणि तासाभराने तुम्ही तीन कुर्ते घेऊन बाहेर पडता. मी एकच घेतला.

तो घेताना मी विचारलं, हे भरतकाम हाताचं कशावरून? दुकानदार वयस्क होता, दुखावला नाही. त्याने कुर्ता उलटा करून माझ्या मांडीवर टाकला. "सीधी तरफ़ तो मशीन भी हूबहू बना देती है, बहन जी. आप उल्टी तरफ़ देखिए." मागे कुठे टाके दाट, कुठे विरळ, कुठे गाठ. सगळं वेडंवाकडं, म्हणून खरं.

दादाने शाल घेतली, मरून रंगाची, कडेला भरतकाम केलेली. घड्या मोडून दोनदा बघितली, आईला शोभेल ना, असं मला तीनदा विचारलं. सत्तरीचा माणूस, पण चेहरा शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरासारखा झाला होता. नंतर कुल्फी खाताना मी हळूच विचारलं, "दादा, काकांनी ही गोष्ट तुला स्वतः सांगितली?"

"मग काय. लहानपणी रोज सांगायचे. रात्री झोपताना."

"पदकाचं पण?"

कुल्फी त्याच्या हातावर ओघळली. "तुला सगळीकडे कॉपीच दिसते," तो म्हणाला आणि परतताना रिक्षात पुढे, चालकाशेजारी जाऊन बसला.

गच्ची

लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पतंग उडवतात, जमघट म्हणतात त्याला. आमच्याकडे पतंग संक्रांतीचा, इथे फटाक्यांच्या धुरातच सुरू. आम्ही सगळे गच्चीवर होतो, मावशी सोडून. शेजारच्या गच्चीवर रिज़वान साहेब होते, बँकेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, बोटाला चिकटपट्टी. त्यांनी एक पतंग कापला, नेहा ओरडली, "वो काटा." पण रिज़वान साहेब गप्प उभे राहिले. समोरच्या गच्चीवरच्या माणसाने हात वर केला, तेव्हा कुठे ते हसले.

मी विचारलं, ओरडला का नाहीत?

"चिल्लाने को तो सब चिल्लाते हैं, मोहतरमा. हमारी गली का क़ायदा है, जिसकी कटी वो हाथ उठाए, तब गिनती में आएगी."

दादा मांजा गुंडाळत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तिन्ही पुस्तकांत ससाण्याचे साक्षीदार कोण होते? त्याच्या मागे उडणारा त्याचाच साथीदार आणि त्याच्याच देशाची वर्तमानपत्रं. ज्याची कापली गेली, त्याला कोणी विचारलं होतं? काका जाऊन वर्षं झाली. पण काकांशी संसार केलेली बाई खाली बसली होती, आणि तिलाही कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिच्या कोनाड्यात गूळ शोधत होते.

मी खाली आले. विमानाचा आवाज येत होता. मावशी जिन्याखाली होती, उशीवर बसलेली, चपला मांडीजवळ. मी वाकून आत गेले आणि शेजारी बसले. दोघींना जागा जेमतेम.

"मावशे, इथे काहून बसतेस?"

"सवय हाय वं," ती म्हणाली. "तुहे काका बसत. आपलं क्वार्टर विमानतळाजवळ होतं ना. इमान आलं की ते जिन्याखाली जात. पोरगं इचारे, बाबा काय करून रायले? म्हनत, चपला पाहून रायलो. मी बी जाऊन बसो त्यायच्याजवळ. हात धरो त्यायचा."

मला एकदम आठवलं. दादा लहानपणी सांगायचा, आमच्या बाबांच्या चपला नेहमी हरवतात. आम्ही पोरं हसायचो.

"आणि ती गोष्ट? विमान परत आलं, हात हलवला, सलाम केला?"

मावशी चपलेचा अंगठा दाबत राहिली.

"परत आलं हे खरं हाय. हात किसननं हालवला. किसन भंडाऱ्याकडचा, गाडीवर यायच्या संगं होता. ट्रक थांबला तसे हे ट्रकखाली घुसले. किसन बाहेर उभा राहून पांढरा दुपट्टा हालवत होता, मारू नको म्हनून. इमान वळून आलं आन् त्याले मारलं. पान्याच्या डब्यायले भोकं पडले होते, ते पानी यायच्या तोंडावर गळत होतं. लय तहान लागली होती. हे म्हनत, किसन तिकडे पडला होता आन् मी पानी पेत होतो. हेच म्हनत, मरेपर्यंत."

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. या टाक्यांना गाठी होत्या.

"आणि तो ससाणाच होता?"

"कोन होता कोनाले ठाऊक. इमानाले चेहरा असते का?"

"मग दादाला असं काहून सांगितलं?"

"पोरगं इमानाले भेत होतं. इमान आलं की रडून आकांत करे. आता बापानं काय सांगाव, मी बी भेतो म्हनून? त्यायनं मधलं काढून टाकलं. परत आलं, हात हालवला, निघून गेलं. पोरगं झोपलं. मंग पोरगं मोठं होऊन थेट हवाई दलातच गेलं. आता कसं सांगू?"

सांगायलाच हवं, मी म्हटलं. मावशीने मान हलवली. बारा वर्षांचं काम आहे त्याचं, मोडून पडेल, म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉपी पकडून गप्प बसले. प्रस्तावना लिहिणार नाही, एवढंच दादाला सांगितलं, आणि फोटो उलटा असल्याचं दाखवलं. त्याने चष्मा लावून गुंडीकडे बघितलं. "एवढंच ना," म्हणाला. "नेहा सीधा कर देगी."

मानक नगर

हॉल भरला होता. लष्करातले, रेल्वेतले, संशोधन संस्थेतले, सगळी नोकरीच्या निमित्ताने इथे रुजलेली मराठी माणसं. मागे समोसे आणि चिवडा एकाच टेबलावर. नेहाने पडद्यावर ससाण्याचा फोटो लावला, आता सरळ केलेला, पदक डाव्या छातीवर. तो अगदी इतर कुठल्याही पोरासारखा दिसत होता.

दादा सुंदर बोलला. आकडे, वाळवंट, पदकं. मग वडिलांची गोष्ट. पदकाचं वाक्य त्याने गाळलं, ते माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचं कौतुक वाटलं. पंख डोलवल्याचं मात्र सांगितलं. टाळ्या पडल्या. मावशीला धरून व्यासपीठावर आणलं, आणि दादा स्वतः शाल उलगडून तिच्या मागे उभा राहिला.

मावशीने हात वर करून शाल अडवली.

"ही कशापायी?" तिने विचारलं. माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, बाबा वाचले म्हणून," दादा हसून म्हणाला.

"मंग किसनची कुठं हाय?"

"कोण किसन?"

सत्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्या भावाने ते नाव ऐकलेलं नव्हतं. मावशीने त्याच्याकडे वळून, माइककडे पाठ करून, त्याला सांगितलं. फार थोडं सांगितलं. पांढरा दुपट्टा, विमान परत आलं, पाणी. पुढच्या रांगांना ऐकू गेलं असेल, मागच्यांना नाही. मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं. दादाने शाल घडी घालून टेबलावर ठेवली. ती नीट घडी होईना, म्हणून त्याने पुन्हा घातली. मग माइकपाशी येऊन म्हणाला, "कार्यक्रम इथेच संपला. चहा घ्या."

परत जानकीपुरम

दुसऱ्या दिवशी माझी गाडी संध्याकाळची होती. फोटो भिंतीवर होता तसाच होता. हस्तलिखित टेबलावर होतं, दादाने त्याला हात लावला नव्हता. मला वाटलं, मी आले नसते तर बरं झालं असतं का? पण विचारलं मीच होतं, आणि विचारायला हवंच होतं, हे मला अजूनही वाटतं.

दुपारी आम्ही वरण-भात जेवत होतो. विमानाचा आवाज आला. नेहाने सवयीने दादाकडे बघितलं, आता आजोबा अंगणात पळणार आणि जात सांगणार म्हणून. मावशी ताट सरकवून उठली.

दादाही उठला. पण दाराकडे गेला नाही. आईच्या मागोमाग गेला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि जिन्याखाली शिरला. कोनाड्यातून त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"आई, सरक थोडी. मला बाबांच्या चपला बघू दे."